पंचफुलाबाईंचं शेवटचं अक्षर

कामरगावच्या बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून, अमरसिंगचं दुकान आहे. पाटीवर ‘फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड’ असं काय काय लिहिलेलं असलं तरी त्याला कोणी फ्लेक्सवाला म्हटलेलं खपत नाही. तो स्वतःला कलाकार समजतो. समजू द्या बापड्याला. गावात प्रत्येकजण स्वतःला काही ना काही समजतोच, आणि अमरसिंगच्या समजण्याने निदान कोणाचं नुकसान तरी होत नाही.

त्याची कला एकच. कॉम्प्युटरवर एखादं अक्षर घ्यायचं, त्याला खाऊपिऊ घालून पैलवानासारखं जाड करायचं, मग आतून पोकळ करायचं आणि त्या पोकळीत बारीक मजकूर ओतायचा. मजकूर अक्षराच्या कडेकडेने वळत जातो. लांबून पाहावं तर नुसता ‘ब’, जवळ जाऊन पाहावं तर आत ओळीच ओळी. कान्यात शब्द एकाखाली एक उभे राहतात, वेलांटीत वाकतात, आणि अनुस्वाराच्या टिंबात जेमतेम एक नाव मावतं. हे सगळं तो इतकं रंगून सांगतो की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

दुःख एवढंच की गिऱ्हाइकाला यातलं काही नको असतं. “नाव कसंबी टाक, पन फोटो मोठा घे, अन् मांगून सिंह सोड,” एवढीच मागणी. शिवाय फ्लेक्स लागणार चौकात, खांबाच्या पार वरच्या टोकाला. जितका मान मोठा तितका फ्लेक्स उंच, असा इकडचा रिवाज आहे. तिथल्या अक्षरांमधली अक्षरं वाचायची झाली तर ती कावळ्यांनीच वाचावीत.

सुरुवातीला अमरसिंग मजकूर मनापासून लिहायचा. कोणी वाचेना, तसा त्याचाही जीव त्यातून उडाला आणि हाताला लागेल ते तो ओतू लागला. गेल्या वर्षी बबनरावांचा वाढदिवस होता. बबनराव म्हणजे माजी सरपंच आणि गावातल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचे अध्यक्ष. त्यांच्या नावाच्या अक्षरांत अमरसिंगने बायकोने मोबाइलवर पाठवलेला किराणा भरला. साखर, फल्लीतेल, पोहे, भांडे घासायची पावडर. बबनराव चौकात उभे राहून, मान मागे टाकून बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, “वा! मायं सारं कार्य आलं यात.”

घरी हे सांगताना अमरसिंग हसला, त्याची बायको राखीही हसली. पण एवढी कला अंगात असावी आणि ती वाचायला गावात एक माणूस नसावा, हे त्याला लागत होतं.

राखी म्हणाली, “असे खेळ नका करत जाऊ. भेटन कोनी वाचनारं, मंग पाहा.”

“कोन भेटते?” अमरसिंग म्हणाला.

तशात पंचफुलाबाई रिटायर व्हायची वेळ आली. पंचफुलाबाई म्हणजे गावातली अंगणवाडी. लोक ‘पोट्टं अंगणवाडीत टाकलं’ असं म्हणतच नसत, ‘पंचफुलाबाईपाशी टाकलं’ असं म्हणत. अर्ध्या गावाची नाकं त्यांनी आपल्या पदराने पुसली होती. आज मिशांना पीळ देत मोटारसायकलवर हिंडणारे कितीतरी बाप्ये त्यांना पाहिले की गाडीचा वेग कमी करतात. अमरसिंगही त्यांच्याच हाताखालून गेलेला.

निरोपाचा कार्यक्रम ठरला, बबनराव अध्यक्ष ठरले (ते ठरलेलेच असतात), आणि फ्लेक्सचा विषय निघाला. अमरसिंग उठून उभा राहिला.

“फोटो बारीक ठेवू. नाव मोठं घेऊ, पंचफुलाबाई. अन् त्या नावाच्या अंदर बाईच्या हाताखालून गेलेल्या साऱ्या लेकरायची नावं भरू.”

सभेला हे एकदम पटलं. पटल्यावर लगेच भांडण लागलं.

“आमच्या शिवमचं नाव वरच्या रेघेत घेजो,” बबनराव म्हणाले. शिवम त्यांचा नातू. “खाली नोको. वर म्हंजे वर.”

झालं. अक्षरांच्या डोक्यावरून जाणारी रेघ ही अचानक गावातली सगळ्यात मानाची जागा होऊन बसली. आपलं लेकरू त्या रेघेत बसावं म्हणून लोक दुकानात खेटे घालू लागले. लिलाबाई तर रागानेच आल्या. त्यांची नीलिमा आता वाशीमला दवाखान्यात नर्स आहे. “तिचं नाव ‘फु’च्या शेपटीत टाकलं म्हंते. काहून? पायापाशी कायले?”

“लिलाकाकू, शेपटी नाही थे, उकार हाये,” अमरसिंगने त्यांना खुर्ची दिली. “मानसाची नजर पह्यले वळनावरच जाते. म्हनून हुशार पोरगी पाहून तिथं ठेवली.”

लिलाबाई खूश होऊन गेल्या. असंच त्याने कान्यातल्यांना सांगितलं की कान्यावर सारं अक्षर उभं असतं, आणि ‘ब’च्या पोटातल्यांना सांगितलं की पोटाशिवाय माणूस नाही. थापा मारण्यातही कला लागते. ‘पं’वरच्या टिंबात मात्र त्याने कोणाला न विचारता एकच नाव टाकलं, ते स्वतःचं. वरच्या रेघेच्याही वर!

काम खरंच देखणं उतरत होतं. बऱ्याच दिवसांनी तो मनापासून बसला होता. एकेक नाव टाइप करताना त्याला ते पोरगं आठवायचं, मग तो एकटाच हसायचा. पण पोरं पुण्यामुंबईला पांगलेली. व्हॉट्सअॅपवर नावं मागितली तर निम्म्यांनी नुसता अंगठा पाठवला. ‘पंचफुलाबा’ नावांनी पूर्ण भरलं, पण शेवटची ‘ई’ अर्धी रिकामी राहिली. फ्लेक्स छापायची मशीन तालुक्याला, कारंज्याला. तिथल्या माणसाचे फोनवर फोन, “फाइल धाड, नाहीतर उद्या भेटत नाही.” त्यात इकडे लाइन जायची, लोडशेडिंगची वेळ झालेली.

आणि इथे अमरसिंगची जुनी खोड उफाळून आली. सकाळीच त्याने एका कृषी केंद्राचं पत्रक केलं होतं. त्यातला मजकूर उचलला, ‘ई’च्या रिकाम्या पोटात ओतला, ओळी वळणात झकास बसल्या. वाचून पाहायची गरज त्याला वाटली नाही. कोण वाचतंय? फाइल गेली आणि मागोमाग लाइनही गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी तो आरामात, केस विंचरून अंगणवाडीच्या आवारात पोचला आणि जागच्या जागी थांबला. ऊन फार म्हणून मंडपवाल्याने हिरवी जाळी खाली ओढून बांधली होती. त्यामुळे फ्लेक्स वर मावला नव्हता. तो स्टेजच्या मागे, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, कुठल्याही लेकराने बोट लावावं असा ऐसपैस पसरला होता. अमरसिंगचं काम आयुष्यात पहिल्यांदा वाचता येईल अशा ठिकाणी लागलं होतं.

तो घाईघाईने ‘ई’जवळ गेला आणि त्याने वाचलं. ‘...फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी. रिकामा डबा फोडून जमिनीत पुरावा. लहान मुलांपासून दूर ठेवावे.’

लहान मुलांपासून दूर ठेवावे! पंचफुलाबाईंच्या नावात! फ्लेक्स काढावा तर बाई येऊन बसलेल्या, आणि खोडावं तर चारशे डोळे समोर. शेवटी त्याने कलाकाराचं डोकं चालवलं. अध्यक्षांची खुर्ची उचलली आणि बरोब्बर ‘ई’च्या समोर ठेवली. बबनराव देहाने भरभक्कम आहेत. ते बसले आणि ‘ई’ त्यांच्यामागे पुरती नाहीशी झाली. इतकी वर्षं अध्यक्ष राहून बबनरावांनी केलेलं हे सगळ्यात मोठं काम, आणि तेही त्यांना माहीत नाही.

भाषणं झाली. साडीचोळी झाली. पंचफुलाबाई माइकपाशी उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “मले भाषन येत नाही. ह्या अमरसिंगनं मायं नाव लेकरायनं भरलं म्हंते. मी आपली थेच वाचतो.”

आणि माइक हातात घेऊन त्या वळल्या. बोट टिंबावर ठेवलं.

“अमरसिंग. थो पाहा, वरतं चढून बसला. तवाबी बाकावर चढून बसे, उतरवला का रडे.”

मंडपात हशा उसळला. अमरसिंग साउंड बॉक्सच्या मागे उभा होता, तो आणखी मागे सरकला. बाई वाचत निघाल्या. शिवम. निकिता. नीलिमा, “इले खिचडी खाल्ली का झोप लागे, आता लोकायच्या रातपाळ्या करते.” मागून कोणीतरी मोठ्याने “हजर, बाई!” म्हटलं आणि मग प्रत्येक नावाला हजर, हजर असा ओरडा होऊ लागला. टक्कल पडलेले बाप्ये हात वर करत होते. बाई एकही नाव गाळत नव्हत्या. शेपटीतली, पोटातली, कान्यातली, सगळी. बबनरावांचं भाषण आपोआप रद्द झालं, त्याचा आनंद वेगळाच.

आणि अमरसिंगला रडू यायला लागलं. त्याच्या अक्षरांतली अक्षरं आज कोणीतरी वाचत होतं, बोट ठेवून वाचत होतं, आणि तोच माणूस आता ‘ई’कडे चालला होता. आयुष्यात एक वाचणारं भेटलं, आणि त्याच्यासाठी आपण हे लिहून ठेवलं, असं त्याला झालं.

“बबनराव, जरा सरका,” बाई म्हणाल्या. बबनराव अदबीने खुर्चीसकट सरकले.

बाईंनी ‘ई’च्या वरच्या भागातली नावं वाचली. बोट खाली आलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्या वळल्या आणि त्यांनी थेट साउंड बॉक्सकडे पाहिलं. मंडप वाट पाहत होता.

त्या पुन्हा फ्लेक्सकडे वळल्या. बोट ओळीवरून पुढे सरकलं.

“गोलू,” त्या म्हणाल्या. “बादल. अंजना. रूपाली, थे रिबिन हरपे रोज. संघदीप.”

“हजर!” मागून संघदीप ओरडला आणि मग गोंधळला, कारण आपलं नाव त्याने बसल्या जागेवरून डोळे फाडून शोधलं होतं आणि ते त्याला कुठेच दिसलं नव्हतं. नजर कमी झाली असेल, असं समजून तो खाली बसला. बाई फवारणीच्या सूचनांवर बोट ठेवून एकेका लेकराचं नाव घेत राहिल्या. ओळ संपली तेव्हा टाळ्यांनी जाळी हालली.

जेवणं उठल्यावर आवारात दोघंच राहिले. अमरसिंग फ्लेक्सची दोरी सोडत होता. पंचफुलाबाई पायरीवर बसल्या होत्या.

“बाई, चुकलं मायं,” तो म्हणाला. “लाइन जाऊन राह्यली होती, नावं पुरली नाही, मले वाटलं कोन वाचते. तुमी अजून हाना मले, पन...”

“कायले हानू? खरं थेच लिवलं तू,” बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. “सरकारचा कागद आला, त्यातबी हेच हाये. लेकरायपासून दूर ठेवा म्हनून. पन त्याईनं गोड गोड लिवलं, आभार मानून. तुयं कसं सरळ हाये.”

मग त्या हसायच्या थांबल्या. बंद दाराकडे पाहत म्हणाल्या, “उद्या सकाळी उठून मी कुठं जाऊ रे, अमरसिंग? हे कोनीच लिवून नाही देल्लं.”

अमरसिंगने फ्लेक्सची गुंडाळी केली, पुन्हा सोडली, पुन्हा केली. मग म्हणाला, “दुकानात या, बाई. ‘ई’ अर्धीच हाये अजून. तुमी नावं सांगा, मी भरतो.”

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या वेळेला पंचफुलाबाई खरंच दुकानात आल्या. घडीची साडी, खांद्याला पिशवी. अमरसिंगने पंखा त्यांच्याकडे वळवला. नावामागे एकेक गोष्ट निघायची, कोण माती खायचं, कोणाला आई सोडून गेली की हुंदका यायचा. गिऱ्हाईक बाहेर तिष्ठत राहायचं. बबनराव त्याच सुमारास गोठ्यावर अंथरलेला आपला वाढदिवसाचा फ्लेक्स वाचताना दिसले, असं राखी सांगते. खरंखोटं तिलाच ठाऊक.

आता पंचफुलाबाई रोज येतात. काही दिवसांतच ‘ई’ काठोकाठ भरत आली, तेव्हा अमरसिंगने स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली, अक्षराचा कोपरा धरला आणि ते थोडं ओढून मोठं केलं.

“जागा हाये का रे अजून?” बाईंनी विचारलं.

“लय हाये, बाई,” तो म्हणाला. “तुमी सांगा.”