दोन देशांत अडकलेला डबा

धान मळून झालं की अंगाला कुसळं चिकटतात. कितीही आंघोळ करा, घासा, तरी झोपताना चादरीत दोन-चार टोचतातच. आमच्या यार्डातले किस्से तसे आहेत. ते कुणी गोळा करत नाही, पण जो तिथे दोन वर्षं राबला त्याच्या अंगाला ते चिकटलेलेच असतात.

माझ्या अंगाला जरा जास्तच. कारण त्यातले निम्मे माझ्या दादाचे, आणि उरलेले माझ्या मूर्खपणाचे!

तेजराम दादा गेल्यापासून घरी माणसं येतात. पाच मिनिटं मान खाली घालून बसतात, माय चहा ठेवते, आणि मग कुणीतरी हळूच म्हणतो, "तो फाटकाचा किस्सा आठवते का बे, खेमू?" झालं! रडायला आलेली माणसं पोट धरून परत जातात. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकू. मी आठवी नापास आहे, मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं यार्ड गोंदियाच्या बाहेर, रुळाच्या कडेला. इथल्या मिलचा तांदूळ ट्रकने यार्डात येतो, यार्डात कंटेनरमध्ये भरतो, कंटेनर रेल्वेवर चढतो, रेल्वे थेट नेपाळच्या बॉर्डरपलीकडे जाते, आणि तिथून परत ट्रक. आधी रोड, मग रेल, मग रोड. कागदावर याला आंतरराष्ट्रीय कॉरिडॉर म्हणतात. दादा लोडिंगचा सुपरवायझर. मी सील लावणारा. डुलीचंद काका हमालांचे मुकादम. आणि सगळ्यांच्या वर नाशिककडचे एक साहेब. त्यांना आमची बोली कळायला सहा महिने लागले, आणि कळल्यावर त्यांना वाईट वाटलं.

*

पहिल्या मीटिंगला साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. एक लाल रेघ गोंदियापासून वर वर गेलेली. "ही रेघ दोन देशांना जोडणार आहे," साहेब म्हणाले. "आपण आता आंतरराष्ट्रीय झालो. काही शंका?"

डुलीचंद काका उभे राहिले. "साहेब, पासपोर्ट कोनाले लागल? तांदळाले का हमालाले?"

"कुणालाच नाही, काका. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही."

काका थोडा वेळ नकाशाकडे पाहत राहिले. मग खाली बसता बसता म्हणाले, "मंग आंतरराष्ट्रीय कायले म्हणता! माह्या सासऱ्याच्या घरी जायाले याच्यापेक्षा जास्त विचारतेत."

*

मला सीलचं काम मिळालं ते हात चलाख म्हणून. डोकं चलाख असतं तर दुसरं काही मिळालं असतं.

सील म्हणजे बोटाएवढा लोखंडी खिळा. तो दाराच्या कडीत घालायचा आणि टोकावर टोपी दाबायची. 'टक्' आवाज येतो. त्यानंतर तो हाताने निघत नाही, मोठ्या कटरनेच तोडावा लागतो. त्याच्यावर नंबर असतो आणि तो नंबर दोन्ही देशांत जातो. वाटेत सील तुटलं की संपलं, सगळ्या गाडीची चौकशी!

साहेब म्हणाले, "आधी सराव कर." कशावर करायचा ते काही सांगितलं नाही. मी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या कडीत सील घातलं आणि दाबलं. टक्! साहेबांनी हलवून पाहिलं, ओढून पाहिलं. खूश झाले.

"व्वा, खेमराज! आता तोडून दाखव. कटर आण."

"साहेब, कटर कपाटात हाये."

दादा म्हणाला, "घ्या साहेब. पहिल्याच दिवशी आपल्या यार्डात चोरी बंद झाली!"

*

मग पलीकडच्या ऑफिसाशी व्हॉट्सॲप ग्रुप झाला. नाव 'कॉरिडॉर परिवार'. तिकडून सरितादीदी बोलायच्या. नेपाळच्या यार्डात माल उतरवून घेण्याचं काम त्यांच्याकडे. आमच्याशी हिंदीत बोलायच्या, आणि त्यांची हिंदी आमच्या साहेबांपेक्षा चांगली होती.

एकदा त्यांनी नमुन्याची खेप कशी भरली ते बघायला प्रत्येक पोत्याचा फोटो मागवला. दादाने मला मोबाईल दिला. आता फोटो निघतोय म्हटल्यावर हमाल बाजूला होतात का? एकाने पोत्यावर हात ठेवला. दुसऱ्याने केस विंचरले. एकजण घरून गॉगल घेऊन आला. डुलीचंद काका तर दर चौथ्या पोत्याजवळ उभे! मी सगळे फोटो तसेच पाठवून दिले.

तासाभराने सरितादीदींचा मेसेज आला: "चावल ठीक है. आदमी कितने आ रहे हैं?"

*

फाटकाचा किस्सा हाच.

ट्रायलच्या दिवशी मांडव घातला होता. दोन्ही देशांचे पाहुणे बिरसीच्या विमानतळावर उतरून सकाळीच आले होते. फोटो असा हवा होता की एका बाजूला ट्रक, एका बाजूला रेल्वे, मध्ये पाहुणे. शेवटचा ट्रक घेऊन दादा मिलमधून निघाला होता. दहा वाजले, साडेदहा झाले, ट्रक नाही आणि गाडीही नाही! इंजिनाला घालायचा हार साहेबांनी स्वतःच्याच गळ्यात अडकवला होता, खाली ठेवला तर शेळ्या खातील म्हणून.

साहेबांनी दादाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "तेजराम, ट्रक कुठे आहे?"

"फाटकावर, साहेब. फाटक बंद हाये."

"कशासाठी बंद आहे?"

"गाडीसाठी."

"कोणत्या गाडीसाठी?"

"आपल्याच गाडीसाठी, साहेब. ते फाटकावर आडवी उभी हाये."

"मग ती यार्डात का येत नाही?"

"ते म्हणते, आधी ट्रक आला पायजे, मंग मी येतो!"

नेपाळच्या एका पाहुण्याने हळूच विचारलं, "बॉर्डर यहीं से शुरू होता है क्या?"

*

शेवटी गाडी आली, ट्रक आला, फोटोही झाला. आणि मग मी माझं काम केलं.

शेवटच्या कंटेनरमध्ये दादा चढला होता, पोती नीट लागली का बघायला. सकाळपासून उपाशी होता. जेवणाचा डबा हातातच होता. चार ताळ्यांचा, म्हणजे चार खणांचा स्टीलचा डबा, झाकणावर खिळ्याने कोरलेलं तेजरामचं 'ते'. तो त्याने दाराजवळच्या पोत्यावर ठेवला आणि पाणी प्यायला खाली उतरला. मागे बँड वाजत होता, साहेब हात हलवत होते, मला वाटलं मलाच खुणावताहेत. मी दार लोटलं आणि सील दाबलं. टक्!

दादा तोंड पुसत आला. दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"खेमू, माहा डबा कोठी हाये?"

मी सीलकडे बोट दाखवलं.

दादा साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "अशक्य! नंबर दोन्ही देशांत गेला. आता तोडायचं तर दोन्हीकडची परवानगी लागेल." तेवढ्यात गाडी हलली. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी आणि मायने कुटलेली जवसाची लसूण घातलेली चटणी, असं सगळं नेपाळला निघालं. लोक टाळ्या वाजवत होते. दादा जोरात ओरडला, "वाजवा! दोन सरकारा एक होऊन माहा डबा खाऊन रायल्या!"

त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी घरी हात धुता धुता एवढंच म्हणाला, "तुह्या हातानं गेला, तुह्याच हातानं वापस आण."

तिसऱ्या दिवशी सकाळी यार्डात येताना त्याच्या बाईकला रानडुक्कर आडवं आलं.

त्या सकाळबद्दल मला काही सांगायचं नाही.

*

साहेब मनाने चांगला माणूस. पुढच्या व्हिडिओ मीटिंगला त्यांनी ठरवलं, दोन्ही देशांनी तेजरामसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. मोठ्या स्क्रीनवर तिकडची माणसं उभी, इकडे आम्ही. मी दात घट्ट दाबून धरले होते.

पलीकडे कुणाचा तरी माईक चालू राहिला होता. एकदम कुकरची शिट्टी झाली. कुणी हललं नाही. दुसरी झाली. डुलीचंद काकांचे डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते. तिसरी झाली. चौथी झाली, तेव्हा काकांना राहवलं नाही. स्क्रीनकडे हात करून ओरडले, "अवो बाई, बंद करा ना! दाळ लागल!"

आधी सरितादीदी फुटल्या. मग साहेब. मग सगळेच. मी इतका हसलो की खाली बसलो, आणि मग उठताच येईना. काकांनी मला बखोटीला धरून बाहेर नेलं. म्हणाले, "रड बापू. माईक बंद हाये."

*

आता मला एकच गोष्ट पाहिजे होती. डबा.

गाडी पोचली, सील तोडलं, आणि ग्रुपवर फोटो आला. आमच्या पोत्यावर दादाचा डबा, त्याच्या बाजूला मोजपट्टी! खाली लिहिलेलं: कागदात नसलेली वस्तू, एक. आता त्याचा रिपोर्ट होणार होता. रिपोर्टसोबत आमच्याकडे फॉर्म आला आणि साहेबांनी तो माझ्यासमोर ठेवला.

वस्तूचं नाव? डबा. कोणत्या कामासाठी पाठवली? मी लिहिलं, भूक. परत कुणाला द्यायची? तिथे आधीच छापलेलं होतं: मालकाला, त्याच्या सहीने.

तिथे माझं डोकं फिरलं. मी फॉर्म चुरगळला, स्टूल लाथेने उडवलं, आणि साहेबांच्या टेबलावरून त्यांचाच फोन उचलून सरितादीदींना लावला. "मालिक मर गया! अब किसकी साइन लाऊँ? सील मैंने मारा था, मुझे पकड़ लो, पर डब्बा भेज दो!"

दीदींनी विचारलं, "भैया, डब्बा भरा किसने था?"

"माँ ने."

"तो मालिक वही हुईं. उनकी साइन ले लो."

मायने चुलीजवळ बसून, चुरगळलेला फॉर्म मांडीवर सरळ करून सही केली. पूर्ण नाव लिहायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात चहा दोनदा उतू गेला.

रिपोर्टही आला. त्यात लिहिलं होतं, डब्यातला खराब माल नष्ट केला. मी दीदींना विचारलं, "चारों खाने?"

"तीन खराब थे, फेंक दिए. चौथे में चटनी थी." मग हळूच म्हणाल्या, "वो भी नष्ट हुई. पूरे स्टाफ ने मिलकर की."

*

परतीच्या गाडीत रिकामे कंटेनर येतात. त्यातल्या एकाला सील होतं. साहेब म्हणाले, "नेपाळहून गोंदियाला कॉरिडॉरने आलेला हा पहिला माल. खेमराज, तू तोड." मी कटर लावला. एवढा लांब कंटेनर, आणि त्याच्या अगदी मधोमध, चारी बाजूंनी दोरीने बांधलेला एक डबा! तो उतरवायला सहा हमाल चढले. मी कुणाला हात लावू दिला नाही.

घरी मायने झाकण उघडलं. वरच्या ताळीत चिवडा होता, मधल्या दोनांत तीळ आणि सुकवलेला मुळा, खालच्या ताळीत एक चिठ्ठी: 'माँजी, चटनी कैसे बनती है?'

मायने डबा रिकामा केला, राखेने घासला, उन्हात पालथा घातला. मी त्याच्याजवळ बसून राहिलो. वर बिरसीचं ट्रेनिंगचं विमान घिरट्या घालत होतं. मला वाटलं, आता हा दादाच्या फोटोखाली ठेवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा माझ्या सायकलच्या हँडलला लटकलेला. उचलून पाहिला तर जड! चारही ताळ्यांत जवसाची चटणी.

"माय, काऊन वो? दादाचा डबा हाये हा!"

"मंग? त्याचाच तं हाये," माय म्हणाली. "जाऊन येईल."

आता यार्डात एक नवीन नियम झाला आहे. माझ्यामुळेच झाला. सील लावायच्या आधी साहेब सगळ्यांसमोर तीनदा मोठ्याने विचारतात. त्या दिवशीही विचारलं.

"आत काही राहिलं का?"

"नाही, साहेब!"

"आत काही राहिलं का?"

"नाही, साहेब!"

तिसऱ्यांदा विचारता विचारता साहेब थांबले. नाक वर केलं. दाराच्या फटीजवळ गेले, परत वास घेतला आणि माझ्याकडे वळले.

"खेमराज, हा लसणाचा वास कुठून येऊन राहिला?"

डुलीचंद काका हात जोडून पुढे झाले.

"नेपाळवरून, साहेब!"

साहेबांनी काकांकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि म्हणाले, "दाब."

टक्!