कुंदाच्या मायचे झटके

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. देवाजवळबी नाही — त्याच्याजवळ काय बोलाचं, त्यानं तर पाह्यलंच असन. तुमाले सांगून राहिलो, कारण तुमी मले ओळखत नाही, अन् माह्या पोरीलेबी ओळखत नाही.

कुठून सुरू करू? मी कलमा बांधतो — बांधत होतो, आता वय झालं. वरूडकडं, संत्र्याच्या. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवाचा, एवढंच काम. पण डोळा घ्याच्या आधी मी त्या झाडाभोवती फिराचो. खोडाले डिंक तर सुटला नाही? फांद्या शेंड्याकडून वाळून तर नाही राहिल्या? मालक म्हणे, घे ना बावा, चांगलं तर दिसते. मी घेत नव्हतो. मायझाडाचा रोग कलमेत उतरते; झाडाची खात्री नसली तर डोळा नाही घ्याचा. त्यात मी कधी खोटं केलं नाही. त्यात नाही केलं.

माही बायको वच्छला. तवा आमी अकोटकडं राहत होतो. कुंदा नुकती चालाले लागली होती अन् वच्छला दुसऱ्यांदा पोटुशी होती. दिवस भरत आले तसं तिचं तोंड सुजलं, बांगड्या हातात रुतल्या. डोकं दुखते म्हणे. एक दिवस म्हणाली, चुलीतला जाळ दोन-दोन दिसून राहिला. मी म्हणालो, पड जराशी. मंग झटके आले. दात खिळले, तोंडाले फेस. अकोल्याले दवाखान्यात नेताना रस्त्यातच गेली — पोटातलं संगंच घेऊन.

लोक म्हणाले, मिरगी, फेफरं. मीबी तेच समजलो. अन् मिरगीवालीची पोरगी कोण करन? कुंदाले घेऊन वरूडले आलो, तिथं कोणी ओळखीचं नव्हतं. सगळ्यायले सांगितलं, बायको तापानं गेली. कुंदालेबी तेच सांगितलं. हे खोटं होतंच, पण याचं मले तेवढं वाटत नाही.

कुंदाच्या लग्नाची सालं वाईट होती. बोअर आटून राहिले होते, लोक उभ्या बागा तोडून सरपण इकत होते. कलमा कोण घेते? तशात चांदूर बाजारकडचं घर भेटलं. विहिरीले पाणी, जवाई शांत. इहीणबाई, म्हणजे कुंदाची सासू, तोंडाच्या तिखट, पण चालते. सोयरिकीत त्यायनं विचारलं — तुमच्याकडं काही आजारपण? मी नाही म्हणालो.

मंग कुंदाले दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात अमरावतीले एका दवाखान्यात पहिल्यांदा दाखवाले नेलं. तिले माय नाही, म्हणून इहीणबाईसंगं मीबी गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती. वजन केलं, लघवी तपासली, दंडाले पट्टा बांधून बीपी पाह्यलं. अन् मंग विचारतच बसली — तुझं वय काय, बहिणी किती, घरात कोणाले काय.

इहीणबाई म्हणाल्या, "बाप्पा! हे बाई तपासून राहिली का सोयरिक पाहून राहिली? मी पोरगी पाहाले गेली तवा एवढं नाही विचारलं!"

कुंदा तोंडाशी पदर धरून हसली. मीबी हसलो.

मंग बाईनं माह्याकडं पाह्यलं. "बाबा, हिच्या आईला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का? अंगावर सूज, झटके असं काही?"

मले समजलं. ऐकून राहिले ना? — मले त्या खुर्चीवरच समजलं. सूज अन् झटके तिनं एका दमात म्हटलं, तवाच. ती मिरगी नव्हती. तो बाळंतपणातलाच आजार होता, अन् मायचा लेकीत येऊ शकते, म्हणून तर ती विचारून राहिली. झाड पाहून डोळा घेणारा माणूस मी. मले नाही समजणार?

पण बाजूले इहीणबाई होत्या.

"नाही जी," मी म्हणालो. "तिले ताप आला होता."

बाई पुढच्या सवालावर गेली. बाहेर आल्यावरबी वेळ होता. छत्री आत राहिली असं सांगून मले एकट्याले परत जाता आलं असतं. नाही गेलो. दोघींले उसाचा रस पाजला अन् एसटीत बसवून देलं. मागून समजलं — हो म्हटलं असतं तर तवापासून रोजची एक बारीक गोळी देली असती, घडीघडी बोलावून बीपी पाह्यलं असतं.

सातव्या महिन्यात कुंदाच्या बांगड्या रुतल्या. दारातला माणूस तिले धूसर दिसे. मंग तेच झटके. कुंदाले डॉक्टरायनं वाचवलं. पोरगी झाली होती, ती नाही राह्यली. मी पाह्यली तिले. नाक वच्छलाचं होतं.

सुधीवर आल्यावर कुंदानं मले विचारलं. "बाबा, मायले असं झालं होतं का? डॉक्टर पुसून राहिले."

इहीणबाई खाली चहाले गेल्या होत्या. खोलीत आमी दोघंच. आता कोणाचं भेव होतं मले? इहीणबाईचं? नाही. कुंदाचंच.

"नाही बेटा."

"मंग मलेच काहून?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. जवाब देला तो वर आल्यावर इहीणबाईनं — "लोणच्याच्या बरणीतून हात निघत नव्हता इचा! एवढं खारं खाल्लं, सुजन नाही तर काय?" अन् कुंदानं ते मानलं. माह्या डोळ्यादेखत मानलं. मी एक शब्द बोललो असतो तर तिच्यावरचा तो दोष उतरला असता. नाही बोललो.

पुन्हा दिवस जाऊ देले नाही तिनं. भेली. जवायानं कधी टोचलं नाही, घर टिकलं. इहीणबाईले जाऊनबी आता सालं झाली. म्हणजे ज्या कानापासून लपवलं तो कानच नाही. तरी मी गप्पच.

आंब्याच्या दिवसात कुंदा मले बोलावते. सगळ्या घराचं लोणचं तीच घालते, पण त्या दिवसापासून तिनं जिभेले लावलं नाही. फोड बोटावर घेऊन माह्यासमोर धरते. "बाबा, पाहा बरं, मीठ बरोबर आहे का?"

मी चाखतो. बरोबर आहे म्हणतो.