नक्ल आणि नक्कल

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपला अजून तीनेक वर्षं होती आणि स्टेडियमवरचं आमच्या कंपनीचं काम संपत आलं होतं. आमची कंपनी म्हणजे मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखालच्या कंत्राटदाराची. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचे साचे उभे करायचं, शटरिंगचं काम. मी तिथे एचआरला असिस्टंट होते. नवऱ्याची नोकरी दुसरीकडे होती, घर शहरातल्या अल मुंतझा भागात, आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर मला दिवसभर त्या फ्लॅटच्या भिंती बघायच्या नव्हत्या, म्हणून मी ही नोकरी धरली होती.

साइटवर जवळजवळ सगळे हिंदीत बोलायचे. एकदा मी ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून नाशिकला आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर खिडकीबाहेरच्या रांगेतला एक पन्नाशीचा माणूस म्हणाला, "बाय, तुम्ही आपल्याकडच्या काय?"

ते रायगडचे, कोकणी मुसलमान. उत्तम सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मी चाचा म्हणायला लागले. गल्फमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली होती, आधी सौदीत, मग कतारमध्ये. त्या दिवसापासून दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी यायचे आणि फोन पुढे करायचे. गावाहून कुणीतरी सातबाऱ्याचा, नाहीतर फेरफाराचा फोटो पाठवलेला असायचा.

"एवढी नक्कल काढून द्या, बाय."

मी प्रिंट काढून द्यायचे. कागद हातात घेतल्याशिवाय त्यांचा विश्वास बसायचा नाही. चष्मा लावून एकेक ओळ बघायचे आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे. तीन भावांची जमीन होती. वडील गेल्यावर वाटणी व्हायची राहिली होती. वरच्या अंगाला रस्त्याकडची भाताची खाचरं, खाली खाडीकडे खार लागलेला पट्टा. कुठला बांध कुठे संपतो हे वडिलांनी फक्त थोरल्याला, म्हणजे चाचांना दाखवून ठेवलं होतं. सरकारी मोजणीची तारीख यायची होती, आणि ती यायच्या आत चाचांना गावाला पोचायचं होतं. कंपनीत दोन वर्षं भरल्यामुळे त्यांना रजा मिळणार होती. रजेचं पत्र मीच टाइप केलं होतं. मॅनेजरची सही झाली होती.

मग एका रविवारी मॅनेजरने आत बोलावलं. आमची नव्वद माणसं एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीला द्यायची ठरली होती. काम संपलं की त्यांना पोसायचं कुणी, हा प्रश्न. सगळ्यांच्या सह्या दोन दिवसांत हव्या होत्या.

"वो कोंकण वाले तुम्हारी बात मानते हैं," तो म्हणाला. "टेबल पे तुम बैठो. ज़्यादा समझाने की ज़रूरत नहीं. बोलो पेपर का काम है."

फॉर्म वर अरबीत आणि खाली बारीक इंग्रजीत होता. त्यातला मथळ्याचा शब्द मला ठाऊक होता. नक्ल. अरबीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं. मालट्रकच्या नंबरप्लेटवर तो असतो, घरसामान हलवणाऱ्यांच्या टेम्पोवर असतो, आणि माणूस एका कंपनीच्या नावावरून दुसऱ्या कंपनीच्या नावावर चढवायचा असला तरी तोच असतो. आमच्याकडे येईपर्यंत त्या शब्दाचा अर्थ फिरला. तहसीलदार कचेरीतून काढतात ती नक्कल, माझा मुलगा शाळेतल्या बाईंची करून दाखवायचा ती नक्कल. हे सगळं मला त्या दिवशी कळलं असं नाही, आधीपासून माहीत होतं.

सह्या दुपारी सुरू झाल्या. कामगारांच्या कँपच्या मेसमध्ये टेबल लावलं होतं. बहुतेक जण काही विचारत नव्हते. मी रकान्यावर बोट ठेवायचं, त्यांनी सही करायची, पुढे. चाचांची पाळी आली तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला, लावला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. अरबी समजत नव्हतं, पण अक्षरं वाचता यायची, लहानपणी मदरशात शिकलेली. त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर उच्चारलं.

"नून. काफ. लाम." मग माझ्याकडे बघून हसले. "नक्ल. म्हणजे नक्कलच ना, बाय? जुन्या कागदाची?"

मॅनेजर माझ्या मागे उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं. मी मराठीत काहीही बोलले असते तरी त्याला कळलं नसतं. चार शब्द पुरले असते: चाचा, ही कंपनी बदलतेय. रांग लांब होती, उन्हाने पत्रा तापला होता, आणि मला ते काम संपवायचं होतं.

मी म्हटलं, "सही इथे करा, चाचा."

त्यांनी मराठीत सही केली. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात.

महिन्याभरात त्या सगळ्यांना इंडस्ट्रियल एरियातल्या जुन्या कँपमधून बरवा अल बराहा या नव्या कामगार वसाहतीत हलवलं. तिथल्या खोल्या स्वच्छ होत्या. एसी चालत होते, बाहेर दुकानं होती. मी स्वतःला सांगितलं की बरंच झालं. घरी नवऱ्यालाही तसंच सांगितलं.

मग चाचांचा फोन आला. नव्या कंपनीच्या ऑफिसात ते मी टाइप केलेलं रजेचं पत्र घेऊन गेले होते. तिथल्या माणसाने बघितलं आणि परत दिलं. ही दुसऱ्या कंपनीची रजा, आमच्याकडे तुम्ही नवीन, वर्ष भरेपर्यंत रजा नाही.

"बाय, मी नवीन कसा?" ते फोनवर विचारत होते. "बावीस वर्षं झाली मला."

मी बघते म्हटलं. मॅनेजरकडे गेले. त्याने मान वर न करता सांगितलं, "वो हमारा आदमी ही नहीं है अब. खलास." मी निदान त्या कंपनीला एक फोन करा म्हटलं. तो हसला.

शुक्रवारी नवऱ्याला घेऊन मी बरवा अल बराहाला गेले. सोबत रजेच्या पत्राची आणखी एक प्रत आणि मी स्वतः लिहिलेला अर्ज होता. त्याने काही होणार नव्हतं, हे मला गाडीतच माहीत होतं. चाचा इमारतीखालच्या पायरीवर बसले होते. ते उठले. नवऱ्याला सलाम केला, माझ्याकडे बघितलं नाही.

मी अर्ज पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"मोजणीची नोटीस आली," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

"राजीनामा देऊन जाता येईल," मी म्हटलं.

"आणि परत कोण आणील मला या वयात? धाकटी नर्सिंगला हाय. दोन वर्षं राहिलीत तिची." ते पुन्हा पायरीवर टेकले. मग विचारलं, "तुम्हाला म्हायीत होतं का, तो कागद कसला ते?"

खोटं बोलायचं मी ठरवून आले होते. ते तोंडातून निघालं नाही.

"होतं."

"मंग सांगितलं का नाय? आपल्या बोलीत? तिथं कोणाला कळणार होतं?"

त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. मी काढून दिलेले सगळे प्रिंट होते. त्यांनी ते माझ्या हातात दिले.

"हे तुम्हीच ठेवा, मॅडम. आता बघायचं काय त्यांत."

परतताना नवऱ्याने गाडी मुख्य रस्त्याला आणली. मग म्हणाला, "तू नसतीस तर दुसऱ्या कुणी सह्या घेतल्या असत्या." हे वाक्य मी स्वतःशीच शंभरदा म्हटलं होतं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि त्याचा राग आला. ते खरं होतं, आणि त्या खरेपणाचा मला काडीचा उपयोग नव्हता.

दोन महिन्यांनी आणखी पस्तीस माणसांचे कागद आले. या वेळी मी टेबलाशी बसले आणि पहिल्याच माणसाला हिंदीत स्पष्ट सांगितलं: कंपनी बदलतेय, तिथे तुम्ही नवीन धरले जाल, जुनी रजा जाईल. दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्याला सांगितलं. सहावा म्हणाला, मग मी सही करत नाही. त्याच्यामागच्याने ऐकलं, तोही म्हणाला, मी पण नाही. मॅनेजरने मला उठवलं आणि स्वतः बसला. बाकीच्यांनी सह्या केल्या. त्या दोघांना आठवड्याच्या आत विमानात बसवलं. एकाला बिहारला, एकाला नेपाळला. निघताना त्यातला एक ऑफिसात पासपोर्ट घ्यायला आला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. आभार होते की दोष, ते मला ठरवता आलं नाही.

मला काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. मॅनेजर एकदा म्हणाला, तुम्हारा दिल अच्छा है, पर ये काम दिल का नहीं. पगारवाढही झाली, सगळ्यांची झाली तेवढी.

चाचांचं कळलं ते नंतर. त्यांच्या शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर आमच्याकडे होता. मोजणी चाचांशिवाय झाली. धाकट्या भावांनी रस्त्याकडची खाचरं घेतली, खाडीकडचा खारा पट्टा थोरल्याच्या नावावर ठेवला. बांध दाखवायला कुणी नव्हतं. वर्ष भरल्यावर चाचा रजेवर गेले तोवर रस्त्याकडच्या तुकड्यावर एका भावाच्या घराचा चौथरा उठला होता. तू आलाच नाहीस, आम्ही किती थांबणार, असं भाऊ म्हणाले. चाचांनी भांडण केलं नाही. वाटणीच्या कागदावर सही केली, रजा संपल्यावर कतारला परत आले आणि मुलीचं शिक्षण पुरं होईपर्यंत राबले. मग कायमचे गेले.

"माझ्याबद्दल कधी काही बोलले?" मी ड्रायव्हरला विचारलं.

त्याने आठवून बघितलं. "नाय, मॅडम. तुमचा विषय नाय निघाला."

निघाला असता तर बरं वाटलं असतं. शिवी दिली असती तरी.

त्या दुसऱ्या खेपेच्या सह्यांनंतर मी त्या कंपनीत आणखी अडीच वर्षं होते. स्टेडियममध्ये सामने सुरू व्हायच्या आधी आमचं ऑफिस बंद झालं. तोवर सह्यांचं टेबल पुन्हा माझ्याकडेच होतं. मी कागद पुढे सरकवायचे आणि रकान्यावर बोट ठेवायचे. कुणी विचारलं, हे काय आहे, तर खरं सांगायचे. विचारणारे फार थोडे असायचे, आणि आपणहून मी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.