जोगव्याचं पाचवं घर

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, त्यातलं चौथीचं अर्धं वर्ष म्हशीमागं गेलं. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते कळत नाही, म्हणून जिथं जागा दिसेल तिथं देते. अक्षर म्हणजे ओल्या सारवणावरून कोंबडी चालत गेल्यासारखं. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. कुणी वाचावं असा हेतू नाही. वाचलंच कुणी, तर चुकांची माफी असावी.

मी मुकी नाही, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तेव्हा मी इतका वेळ गप्प राहिले, की शेवटी करवलीनं माझ्या नवऱ्याच्या नावाचा उखाणा घेऊन टाकला. अजून लोक तिला विचारतात, नवरा कसा आहे म्हणून.

माहेर खंडाळ्याकडचं, सासर इकडं सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. नवरा विट्याच्या माणसांबरोबर सोनं गाळायच्या दुकानात, लांब तमिळ मुलखात असतो. घरी मी, सासू आणि पोरगी.

पोरगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना. ऐकू यायचं, हसायची, भांडी आपटायची, पण शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, घरात तिच्याशी बोलत राहा. सासूनं माझ्याकडं बघितलं.

"आई अशी, मग पोर काय भाषण करंल?"

देवांच्या बाबतीत आमची सासू कुणालाच डावलत नाही. पिराला हिरवा दोरा बांधला, मोहरमात पोरीला फकीर करून पाच दारांत फिरवली. जैन मुनी गावात आले तेव्हा तिला त्यांच्या वाटेवर उभी केली. सगळं झाल्यावर सौंदत्तीच्या यल्लमाला नवस बोलली, "पोर बोलली, तर तिची आई पाच घरं जोगवा मागंल." स्वतः मागेन असं म्हणाली असती तर मला काही नव्हतं. माझी बोली लावून मोकळी झाली.

वीस-बावीस दिवस गेले असतील. सासू उंबऱ्यात बसली होती. पोरगी आली, तिच्या पाठीला हात लावला आणि स्वच्छ म्हणाली, "सरक की तिकडं."

घरात मी मोकळेपणी बोलते ती फक्त म्हशीशी. पोर तेच शिकली होती. सासूला राग यायला पाहिजे होता, पण ती रडत रडत देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली. त्या दिवसापासून पोरगी झोपेतसुद्धा बोलते.

मार्गशीर्षाची पुनव आली. सासूनं वेताची परडी माझ्या हातात दिली, गळ्यात कवड्यांची माळ घातली आणि नियम सांगितले. भावकीतलं घर चालायचं नाही, ते घरचंच झालं. दारात उभं राहून स्वतःच्या तोंडानं 'जोगवा वाढा' म्हणायचं. दिवेलागणीच्या आत पाच घरं. आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणाली, "पुरा न्हाई झाला, तर दिलेलं परत घेती ती."

पोरीचा आवाज परत जाईल, या एका भीतीनं मी बाहेर पडले. पोरगी सोबत आलीच.

आमच्या आळीत सगळी भावकी, म्हणून पुढच्या आळीला जावं लागलं. पहिलं घर जैन काकींचं. मला बघून त्या म्हणाल्या, "काय गं, चाळण न्यायला आलीस?" मी खाली बघून 'जोगवा वाढा' म्हटलं.

"कुणाला सांगतीस, परडीला?"

मग वर बघून म्हटलं. त्यांनी ओंजळभर ज्वारीचं पीठ घातलं. "आमच्यात तुझी देवी न्हाई. पण दारात आलेलं माणूस रिकामं धाडायचं न्हाई, एवढं हाय. आन दिवस बुडायच्या आत आलीस ते बरं केलंस, नंतर आमची चूल बंद."

दुसरं घर गिरणीवाल्या चाचींचं. गिरणी चालू होती. मी दोनदा म्हटलं, ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा जोर लावून म्हणायला आणि चाचींनी पट्टा बंद करायला एकच गाठ पडली. दळणाला आलेल्या सगळ्या बायका वळल्या.

"अगं हळू, देवी भैरी न्हाई," चाची म्हणाल्या. दोन मुठी गव्हाचं पीठ घातलं. कुणीतरी म्हटलं, तुम्हाला हे चालतं का? त्या म्हणाल्या, "हिची सासू आमच्या पिराला पोरगी फकीर करती. मी काय मागं राहू व्हय?"

तिसरं घर दवाखान्यातल्या ख्रिश्चन नर्सबाईंचं. त्यांच्या घरात नाताळाचं तळण चाललं होतं. त्यांनी परडीत दोन करंज्या ठेवल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. म्हणून मीही डोळे मिटले. पोरगी म्हणाली, "दोघी झोपल्या का?"

चौथं घर दुष्काळी मुलखातून येऊन इथं राहिलेल्या, मेंढरं राखणाऱ्या आजोबांचं. त्यांनी बाजरी घातली, माझ्या कपाळाला त्यांच्या बिरोबाचा भंडारा फासला आणि म्हणाले, "तुझी देवी आमच्या द्येवाची भनच लागती. मंजी ही पोर आमची भाच्ची. तिला सांग, जरा कमी बोल."

पाचवं घर सुताराचं धरलं होतं. तिथं कुलूप. सगळी कराडला लग्नाला गेलेली. सूर्य उसावर टेकला होता आणि माझ्यातला सगळा धीर चार घरांत संपला होता. पाय आपोआप मैत्रिणीच्या दारात गेले.

ती आमच्या परसामागंच राहते, मधे फक्त एक भिंत. ब्लाऊज शिवते. घरात बुद्धाची तसबीर आहे, देव नाहीत. तिच्या आज्यानं देव्हारा नदीत सोडला आणि धम्म घेतला, आणि तिनंही देवादिकांना मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली आहे. तिच्यापुढं माझी जीभ अडत नाही. म्हणून तर गेले.

तिनं परडी बघितली, मग मला बघितलं.

"दुसरं काय पण माग," ती म्हणाली. "माझ्या आज्जीची धाकटी भैन त्या देवीला सोडली हुती, आठ वर्साची असताना. त्या नावानं मी मूठभर पीठ द्यायची न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. मी तिथंच उभी राहिले. सूर्य निम्मा गेला. पुरा नाही झाला तर पोरीचा आवाज परत जाईल, एवढंच मी म्हटलं. तिनं मशीनच्या खणातून दहाची नोट आणि रुपयाचं नाणं काढलं आणि परडीत टाकलं.

"देवीला न्हाई, तुला देती. उसनं. फेडायचं."

सासूनं परडी बघितली, पाच घरांचं म्हणून देवीपुढं ठेवली. सगळं आनंदात झालं.

आठव्या दिवशी भिंतीवरून आवाज आला, "माझं अकरा रुपय?"

मी पदराला गाठ मारूनच ठेवले होते. द्यायला गेले आणि हात थांबला. "आगं, हे परत दिलं तर जोगवा चारच घरांचा उरंल की."

"आन न्हाई दिलं, तर मी देवीला वाढल्यागत हुईल. मग माझी प्रतिज्ञा गेली."

दोघींनाही एकमेकींचं पटलं, ही अडचण. माझा नवस राहायचा तर तिची प्रतिज्ञा मोडते, तिची राहायची तर माझा नवस. शेवटी मी म्हटलं, "दहा घे. एक राहू दे."

"एका रुपयात तुझी देवी बसती व्हय?"

"बसती. सव्वा रुपयात तर नारळासकट बसती."

ती हसली. "बरं. उधारी चालू हाय तवर दान न्हाई. पण मी रोज मागणार."

आणि खरंच रोज मागितला. दोन वर्षं, सकाळी चूल पेटवताना भिंतीवरून हाक यायची, "माझा रुपया?" मी म्हणायची, "देते की, पळून जाते का?" तिच्या मशीनशेजारी आता फोनवरून पैसे टाकायची पाटी लागली आहे. ती म्हणायची, नाहीतर तिथं टाक. मला ते येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

यंदा पोरगी पहिलीत गेली. गॅदरिंगमध्ये ती सगळ्यांची गाणी म्हणाली, स्वतःचं एक आणि बाकीच्यांची खाली बसून. दुसऱ्या दिवशी उठली ती आवाज बसूनच. नुसती हवा. नर्सबाई म्हणाल्या, मिठाच्या गुळण्या करा, चार दिवसांत येईल. सासू माझ्याकडं बघत म्हणाली, "जोगवा नीट मागितलास न्हवं?"

मी मान हलवली. तिसरा दिवस गेला तरी आवाज आला नाही. घर इतकं शांत होतं की म्हैससुद्धा वळून बघायची. मला सारखा तो रुपया दिसायचा. दहा फेडून एकावर देवीला बसवलं होतं, आणि ती आता उठून निघाली असं वाटायचं.

मंगळवारी आमच्या दारात नेहमीची जोगतीण आली, लहानपणी यल्लमाला सोडलेली. म्हातारी आहे. डोक्यावर देवीची टोपली, गळ्यात कवड्या आणि भंडाऱ्याच्या पिशवीशेजारी मोबाईल. सासूनं तिला ज्वारी वाढली. ती निघाली आणि मी तिच्या मागं निघाले, ओढ्याच्या कडंला तिचं घर आहे तिथपर्यंत. तिनं टोपली आत नेऊन ठेवली, बाहेर आली, आणि मला बघितलं.

"काय गं? सासूनं जुंधळं माघारी मागितलं काय?"

परडी आणली नव्हती. मी पदर पसरला आणि म्हटलं, "जोगवा वाढा."

ती बघतच राहिली. मग हळूच खाली बसली. "पन्नास वर्सं मी मागत फिरती. मला कुणी मागितलं न्हाई कवा. परत म्हण की."

मी परत म्हटलं. अजून एकदा म्हणायला लावलं तिनं. मग उठली. "थांब. घर धरायचं तर उंबऱ्यातनंच वाढाय पायजे." आत जाऊन आली, उंबऱ्यात उभी राहिली, हात लुगड्याला पुसला आणि माझ्या पदरात ओंजळभर ज्वारी घातली. ज्वारीत चार मूग होते. सासूच्या हातून नेहमी सांडतात.

"आवं आज्जी, हे आमच्याच घरातलं हाय."

"मघाशी हुतं," ती म्हणाली. "आता माझं हाय. घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. मागं घोगरा आवाज आला, "आजे, सरक की तिकडं." नर्सबाई म्हणतात मिठाचा गुण. सासू म्हणते देवीचा. मी दोघींनाही हो म्हटलं.

मग रुपया घेऊन मैत्रिणीकडं गेले. ती चोळी शिवत होती, त्याच जोगतिणीची. जोगतिणीची चोळी मैत्रीण फुकट शिवते, फक्त देवीचं नाव काढू देत नाही. मी रुपया मशीनवर ठेवला. पाचवं घर कोणतं झालं ते सांगितलं.

तिनं मशीन थांबवली. "तिनं वाढलं? सोताच्या दारात उभी राहून?"

"व्हय."

तिनं चोळीची बाही उलटी केली, शिवण बघितली, पुन्हा सुलटी केली. मग रुपया उचलून दोन्ही बाजूंनी पारखला.

"व्याज न्हाई लावत, शेजार हाय," ती म्हणाली. "पण आता सकाळी तुला हाक कशाला मारू?"

तिनं बटणांचा डबा उघडला आणि रुपया आत टाकला. "फिटलं," म्हणाली, "अकराच्या अकरा."