सुकटीच्या डब्याचं चाक

चेंदणी कोळीवाड्यातल्या दामाजीने आयुष्यात भांडणं पुष्कळ केली, पण उभं वैर धरलं ते फक्त उंदरांशी. पावसाळ्यात जाळी माळ्यावर ठेवावीत, त्यांत कडुनिंबाचा पाला घालावा, आणि नारळी पौर्णिमेला खाली काढून बघावं, तर कुठल्यातरी उंदरीने मधोमध बाळंतपण उरकलेलं असायचं. चाळीस वर्षांत विणलेल्या जाळ्यांपैकी निम्मी उंदरांपायी दुसऱ्यांदा विणली, असं तो शपथेवर सांगायचा.

त्यामुळे १९९२च्या दिवाळीनंतर त्याची लेक सगुणा पिंजऱ्यातून दोन जनावरं घेऊन घरात शिरली, तेव्हा दामाजी ओट्यावरून ताडकन उठला. गेल्या दोन वर्षांत तो एवढ्या चपळाईने कधी उठला नव्हता.

"बाबा, हे उंदीर नाहीत. जर्बिल म्हणतात यांना," सगुणा म्हणाली. "शेपटी बघा ना, केसाळ आहे."

"शेपटीला केस आले म्हनून दात गेले काय?"

सगुणा ठाण्यातच एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथली जनावरांची खोली बंद होणार होती आणि उरलेल्या जनावरांना इंजेक्शन देऊन संपवणार होते. या दोघी, एक तांबूस आणि एक काळपट, तिने तिथल्या डॉक्टरांच्या हातापाया पडून मागून आणल्या. दामाजीची बायको मनुबाई दिवसभर मासळीची पाटी घेऊन नौपाड्यात फिरून आलेली. तिने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि "पोर तरी हाय का घरात दुसरं," एवढंच म्हणून पाय धुवायला गेली.

दामाजी पुन्हा ओट्यावर जाऊन बसला. खाडीचं पाणी काळं पडलं, बोय आणि कोलंबी दिसेनाशी झाली, तेव्हापासून त्याची बसायची जागा तीच. होडी चिखलात पालथी पडलेली, जाळं माळ्यावर. विणायची लाकडी सुईसुद्धा त्याने दोन वर्षांत हातात धरली नव्हती. कोणी काही विचारलं तर हूं, नाहीतर नाही.

इकडे तांबूस जर्बिलीला पिंजऱ्यात चैन पडेना. ती सारखी कोपरा उकरायची, गज चावायची. नाकाची पार सालपटं निघाली. तिला धावायला चाक हवं, हे सगुणाने ओळखलं. कल्याणच्या एका दुकानातून तिने प्लॅस्टिकचं रंगीत चाक आणलं. दोघींनी मिळून चार दिवसांत त्याचा भुगा केला. मग प्रयोगशाळेतलं एक टाकून दिलेलं तारेचं चाक ती घरी घेऊन आली.

ते चाक दामाजीने लांबूनच पाहिलं. दोन तारांमध्ये बोटभर फट. जाळ्याच्या दोन गाठींमधल्या अशा भोकाला कोळी आस म्हणतात, आणि कुठल्या आसेत काय अडकतं हे दामाजीला झोपेतही सांगता आलं असतं. या आसेत शेपटी अडकणार, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण उंदरांचं भलं आपण कशाला चिंतायचं, म्हणून तो गप्प राहिला.

तिसऱ्या दिवशी तांबूस जर्बिलीची शेपटी अडकली. चाक फिरतं, तार फिरते, शेपटी मध्ये. टोकाची कातडी सोलून निघाली आणि ते एवढंसं जनावर असं किंचाळलं की दामाजी ओट्यावरून धावत आत आला. सगुणाने जखम पुसली, हळद लावली आणि भिंतीला टेकून बसली.

"सोमवारी परत नेते यांना," ती म्हणाली. "चाक नसलं तर नाक फोडून घेते, चाक दिलं तर शेपटी जाते. इथे हाल करण्यापेक्षा इंजेक्शन बरं."

तो शुक्रवार होता. त्या दिवशी दामाजीला जेवण गेलं नाही. आपल्याला दिसत होतं आणि आपण बोललो नाही, ही गोष्ट त्याला काट्यासारखी टोचत राहिली.

शनिवारी त्याने तारेच्या चाकावर जुन्या नायलॉन जाळ्याचा तुकडा ताणून बसवला. बारीकात बारीक आस. आता शेपटी जाऊन दाखवावी म्हणून तो मिशीतल्या मिशीत हसला. काळपट जर्बिल चाकात चढली, दोन पावलं धावली आणि नखं जाळ्यात गुंतून लोंबकळली. सगुणाने कात्रीने धागा कापून तिला सोडवलं. जाळ्याचा तुकडा तिने काढून बापाच्या हातात ठेवला.

मग तो पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसला. चाळीस वर्षं त्याने पकडायच्या वस्तू बनवल्या होत्या; न पकडणारी वस्तू कशी असते, हा विचार त्याने जन्मात केला नव्हता. बराच वेळ तो त्या जनावरांचं धावणं बघत राहिला. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की आस बारीक करून चालायचं नाही. इथे आसच नको.

रविवारी सकाळी त्याने मनुबाईचा सुकटीचा गोल डबा रिकामा केला.

"अवो, माजा डबा!" मनुबाई ओरडली.

"तुना दुसरा देतो. गप बस जरा."

डबा चांगला वीत आणि चार बोटं रुंद. आत धावताना जनावराची पाठ वाकली नसती. त्याने तो राखेने घासला, तळाला लागून चार बोटं पट्टी ठेवून बाकीचा कापला, हात कापू नये म्हणून कड दुमडून ठोकली. डब्याचा तळ ही चाकाची बंद बाजू. पुढची बाजू सताड उघडी, मध्ये आडवी दांडी नाही. पाय घसरू नयेत म्हणून बाहेरून बोथट खिळ्याने ठोकून आत बारीक उंचवटे काढले, पण भोक एकही पडू दिलं नाही. तळाच्या मध्यातून बोल्ट घालून चाक पिंजऱ्याच्या बाजूला पक्कं केलं, खोबरेल तेलाचा थेंब सोडला. शेवटी स्वतःची करंगळी आत सगळीकडे फिरवून बघितली. नख कुठेच अडकलं नाही.

तांबूस जर्बिल आधी हुंगत राहिली. सुकटीचा वास काही पुरता गेला नव्हता. मग चढली आणि जी धावत सुटली ती थांबेचना. सोललेली शेपटी मागे ताठ. सगुणा हसता हसता रडायला लागली.

मनुबाईने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "धावते खरी. पन जाते कुठं? हाय तिथंच हाय."

"जायला कशाला पायजे?" दामाजी म्हणाला. "पाय चालले पायजेत. बसून ऱ्हायलं की जीव असाच स्वताला खातो." बोलता बोलता त्याने वर माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मनू, माल्यावरचं जालं काढून दे."

"खाडीत काय हाय आता?"

"पलीकडं चिंबोऱ्या मिलतात म्हनं. नाय मिलाल्या तर नाय. तू जालं दे."

सोमवारी सकाळी सगुणा कामाला निघाली तेव्हा दामाजी ओट्यावर नव्हता. तो आत, पिंजऱ्याशेजारी, उंदरांनी कुरतडलेलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या हातातली लाकडी सुई भराभर चालली होती. चाक फिरत होतं. सगुणाने चपला घातल्या. तिच्या हातात फक्त जेवणाचा डबा होता.