शेंदराचा मान

कुरुळीकडच्या एका गावच्या शिवेवर सापडलेली ती कणकेची बाहुली मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चाकणला फौजदार होतो. शेतांत कंपन्यांच्या पायाचे खड्डे पडत होते आणि खड्डा पडला की आवई उठायची: पाया टिकावा म्हणून त्यात माणूस गाडतात, आणि त्यासाठी परमुलखाची माणसं पोरं धरतात.

सकाळची हजेरी चालू असताना त्या गावचे पोलीस पाटील धापा टाकत आले. "साहेब, चला आधी! पायाच्या खड्ड्यात करणी सापडलीया. लोकांनी फिटरला देवळात कोंडलाय. जित्ता न्हाई सोडायचे."

हा फिटर मराठवाड्यातला, गावात खोली घेऊन राहणारा. शिफ्ट सुटली की लेझीम खेळायचा. असा झकास खेळायचा, की यंदाच्या जत्रेसाठी तरण्या पोरांनी त्यालाच म्होरक्या केलं होतं.

शिपायांना घेऊन मी त्याला बाहेर काढला. डोकं फुटलं होतं. "साहेब, बाहुली कशी करतेत ते बी मला ठाऊक नाही हो," एवढंच तो म्हणत होता. त्याला दवाखान्यात धाडला आणि पंचनाम्याला बसलो.

बाहुलीत बिब्बा, टाचण्या, आणि पाठीवर ओल्या शेंदराची बोटं. खड्ड्याशेजारीच गावचा म्हसोबा, त्यालाही ताजा शेंदूर. त्या दिवशी ना अमावास्या, ना कसला सण. शिवेत वाईट काम करायचं तर आधी म्हसोबाची माफी मागायची, ही त्या गावची रीत. परक्याला ती कुठून ठाऊक असणार?

"शेंदूर कोण लावतं?" मी पाटलांना विचारलं.

"एकाच घराचा मान हाय, साहेब. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

त्याच घरातला कर्ता पुरुष इतकी वर्षं लेझमीचा म्होरक्या होता. आणि बाहुली पहिल्यांदा त्यालाच दिसली होती!

त्याला ठाण्यात बोलावलं, चहा पाजला. "मला काय म्हाईत?" यापलीकडे गडी सरकेना. माणसाचं दुखरं ठिकाण सापडलं की काठी लागत नाही, हा माझा अनुभव. मी सहज म्हणालो, "जाऊ द्या. फिटर कबूल झालाय. म्हसोबाला शेंदूरही आपणच लावला म्हणतो."

माणूस ताडकन उठला. "त्याची काय बिशाद! शेंदूर मी लावला! बापजाद्यांचा मान हाय आमचा! लेझीम नेली, आता द्येव बी नेतो व्हय?"

बोलून गेला आणि मटकन खाली बसला. पुढचं सगळं त्यानं रडत सांगितलं.

मी त्याच्यावर चॅप्टर केस केली, चांगल्या वागणुकीचा जामीन घेतला. गाव गोळा करून खरं काय ते सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण फिटर गल्लीतून निघाला की बाया पोरांना आत ओढायच्या. "खरं असंल साहेबांचं, पण कशाला इषाची परीक्षा?" शेवटी तो पेटी उचलून गाव सोडून गेला. मला फार वाईट वाटलं. गुन्हा उघडकीला आणता येतो, पण लोकांच्या मनात बसलेलं भय पंचनाम्यानं निघत नाही, हे तेव्हा शिकलो.

जत्रेला मी बंदोबस्तावर होतो. लेझमीपुढं पुन्हा तोच मानकरी. खेळ संपल्यावर घाम पुसत माझ्याजवळ आला, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "साहेब, खरं सांगा. त्यो माझ्यापरीस चांगला खेळायचा का?"

"हो," मी म्हणालो.