छातीतली जळजळ आणि दोन बाजा

माझं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून सरळच लिहितो. बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. ती गेल्यापासून रात्री माझ्या छातीत आग पडायची. लोक म्हणायचे, दुःख आहे. मीही तेच धरून चाललो. जरा बरंही वाटायचं, की आपल्याला एवढं तरी जळतं. पुढं कळलं, त्यात दुःख थोडं होतं आणि ठेचा जास्त.

झालं असं, की दिवस मावळला की घरात मन लागायचं नाही. मग मी गावच्या फाट्यावर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो. चार कप चहा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, म्हाताऱ्यांच्या गप्पा. घरी यायला दहा वाजायचे. सून ताट झाकून ठेवायची. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, वरून कच्चं तेल. खाल्लं, हात धुतला, की बाजेवर आडवा. बाज म्हणजे आमची दोरीनं विणलेली खाट. तासा-दोन तासांनी घशात आंबट पाणी चढायचं आणि ठसका लागून उठून बसायचो. खायचा सोडा पाण्यात घालून प्यायचो. एक ढेकर आली की अर्धा तास सुटका, मग पुन्हा तेच.

रात्री झोप नाही म्हणजे ती दिवसा येते. शेतात राखणीला बसलो आणि बसल्या जागी डोळा लागला. उठलो तर रोही, म्हणजे नीलगाई, तुरीचा कोपरा खाऊन गेलेले.

सून म्हणाली, "मामाजी, राखनदाराची राखन कराले आता अजून एक मानूस ठेवा लागते."

तिनंच मला मानोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण पोरसवदा, पण डोळ्यांत धाक. आधी छातीला वायरी लावून पट्टी काढली. म्हणाली, हृदय ठीक आहे. मग विचारायला लागली.

"काका, जेवता किती वाजता?"

"दहाले."

"झोपता किती वाजता?"

"दहाले."

सुनेनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "पोटाच्या तोंडावर झाकन असते. तुमचं ढिलं झालं. तुमी भरल्या पोटी आडवे झाले का आंबट वर येते. कितीकही सोडा पेला तरी झाकन घट्ट होत नाही."

मग हुकूम सुटले. जेवण सातच्या आत. खर्रा बंद, सोडा बंद, चहा दोनच. महिनाभर सकाळी उपाशीपोटी एक गोळी. बाजेची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करायची. आणि झोपायचं डाव्या कुशीवर.

"बाकी सारं करतो," मी म्हटलं. "डावी कूस जमत नाही."

"काहून?"

"सवय नाही."

खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या खोलीत दोन बाजा. माझी भिंतीला लागून, बायकोची डाव्या हाताला. माझ्या घोरण्यापायी ती उशी माझ्या पायथ्याकडे घ्यायची. ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला नातेवाईक म्हणाले, तिचं अंथरूण-पांघरूण, बाज, कोण्या गरजवंताला देऊन टाका. लुगडी दिली, वाकळ दिली. बाज दिली नाही. पण ठेवून घेतली आणि तिच्याकडे पाहवत नव्हतं. दोन वर्षं मी उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडत होतो.

मुलानं माझ्या बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. आता चूक काय झाली ती ऐका. माझी बाज जुनी, मधोमध झोळीसारखी पडलेली. उशाकडून उचलली तसा मी घसरून मधल्या खड्ड्यात जाऊन अडकलो. गुडघे पोटाला, हनुवटी छातीला. आंबट पाणी आधी घशापर्यंत यायचं, ते आता नाकात आलं.

सकाळी सुनेनं पाहिलं. "मामाजी, सोयाबीनचं पोतं तोंड बांधून ठेवल्यावानी दिसता."

मी त्या डॉक्टरणीला चार शिव्या घातल्या. मुलानं बाज कसायला पायथ्याची दोरी ताणली, तर ती तुटली. सगळी वीणच सैल झाली.

तेव्हा सून म्हणाली, "सासूबाईची बाज टनक हाय. हलक्या होत्या त्या, अन् दर उन्हाळ्यात दोरी ताणून घेत होत्या. विटा तिच्याखाली लावू. तिच्यावर झोपा."

मी खेकसलो, "त्या बाजेवर कोनी बसाचं नाही."

"दोन वर्सं कोनी बसलं का? पोरालेही बसू देलं नाही म्या." ती भाकरीचं पीठ मळता मळता बोलत होती, वर पाहिलंही नाही. "पन असेच जागत राह्यले तं मरसान एक दिवस. मग तुमचा पोरगा तुमचीबी बाज ठेवून घेईन. दोन-दोन रिकाम्या बाजा ठेवाले घरात जागा कुठी हाय, ते सांगा मले."

मला हसू आलं. बायको अशीच बोलायची. तोंडावर मारायची आणि हातातलं काम चालू ठेवायची.

त्या दिवशी टपरीवरून सहालाच उठलो. दोस्त मागून म्हणाले, "निघाले गडी, कोंबड्यायच्या संग डालग्यात." जाऊ द्या म्हटलं. सातच्या आत मुगाची खिचडी खाल्ली, अंगणात फिरलो आणि दहाला तिच्या बाजेवर टेकलो. भीती दोन गोष्टींची होती. छाती पेटेल, ही एक. आणि तिची जागा आज आपण मोडली, ही दुसरी.

डाव्या कुशीवर वळलो. समोर माझी बाज, दोऱ्या लोंबत असलेली. इतकी वर्षं ती या कुशीवर झोपून हेच पाहत आली असेल. माझे पाय, माझं घोरणं. "म्हैस रवंथ करून राह्यली असं वाटते," म्हणायची. थोडा रडलो. लाज कशाची. रडताना घसा ओला होता, पण आंबट नव्हता. मग जळजळीची वाट पाहत पडलो. ती काही आली नाही, त्याआधी झोप आली.

जाग आली तेव्हा ऊन दारात होतं आणि मुलगा माझ्या नाकापुढं बोट धरून उभा होता.

"काय करून राह्यला रे?"

"काही नाही बाबा. आठ वाजले. पाहून राह्यलो."

सून दारातून म्हणाली, "जित्ते हायत ना? मंग चहा टाकतो. दोनातला एक."

आता महिना होऊन गेला. गोळी डॉक्टरणीनंच थांबवली. ठेचा सुटला नाही, पण तो आता दुपारी. कोण्या लग्नात उशिरा जेवलो तर छाती आठवण करून देते.

मुलानं विचारलं, "बाबा, ते तुटकी बाज चुलीत घालू का?"

"नको," म्हटलं. "विणून आन. डाव्या कुशीवर झोपलं का समोर बाज पायजे, नाही तं मोकळी जागा दिसते. ते अजून जमत नाही मले."